टिनच्या डब्यांतून स्वातंत्र्यदिनाची सजावट : परळमधील एका कार्यशाळेविषयी

ऑगस्टच्या सुरुवातीला परळमधील एका जुन्या चाळीच्या सभागृहात महिला बचत गटाने घेतलेल्या कार्यशाळेला मी गेले होते. आमरस, रसगुल्ले, चीज, मिल्क पावडर यांचे रिकामे झालेले टिनचे डबे घेऊन त्यांतून १५ ऑगस्टसाठी कंदील, कुंड्या आणि माळा कशा करायच्या, हे तेथे शिकवले जाते. वेळ सकाळी दहा ते दुपारी दोन, शुल्क माणशी ६०० रुपये आणि त्यात रंग, खिळे, तार, हातमोजे व घरी न्यायचा एक छोटा संच धरलेला होता. मुलुंडला आमच्या सोसायटीत झेंडावंदनाच्या सजावटीचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे असल्यामुळे, दरवर्षी नव्याने विकत आणून दुसऱ्या दिवशी कचऱ्यात टाकावे लागणार नाही असे काही हाताशी यावे, हा माझा हेतू होता. तो पूर्ण झाला. शुल्काच्या मानाने बरेच अधिक शिकायला मिळाले, असेच मी म्हणेन. संचातील एका वस्तूबद्दल मात्र माझा स्पष्ट आक्षेप आहे आणि तो मी पुढे सविस्तर मांडला आहे.

गटाचे नाव मी येथे देत नाही. माझ्या तक्रारी मी गटातील ताईंच्या कानावर घातल्या आहेत, त्यांनी त्या नीट ऐकूनही घेतल्या आहेत आणि त्या दुरुस्त करायला त्यांना वेळ मिळायला हवा. शिवाय अशा कार्यशाळा आता शहरात बऱ्याच ठिकाणी होतात. तेव्हा कोणत्याही कार्यशाळेला जाताना काय पारखून घ्यावे, हे वाचकाला कळले तरी या लिखाणाचा उपयोग झाला, असे मी समजेन.

सजावटीसाठी टिनचाच डबा का, हा प्रश्न मला सोसायटीतही अनेकांनी विचारला. प्लॅस्टिकचे झेंडे आणि सजावटीचे थर्माकोल यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, तरी १४ ऑगस्टच्या संध्याकाळी सिग्नलवर आणि स्टेशनबाहेर काय विकले जाते, ते आपण सगळेच पाहतो. थर्माकोल कोणताही भंगारवाला घेत नाही. टिनचा डबा मात्र डबा-बाटलीवाला आजही वजनावर घेतो, कारण तो मुळात पोलादाचा पत्रा आहे आणि वितळवून पुन्हा पुन्हा वापरता येतो. धारावीत तेलाचे पंधरा लिटरचे डबे धुऊन, पोचे काढून, पुन्हा भरण्याजोगे करून देणारा धंदाच वर्षानुवर्षे चालत आला आहे. त्यामुळे डब्याची सजावट चार वर्षे वापरून नंतर भंगारात दिली, तरी त्या पत्र्याचे मोल बुडत नाही. हे सगळे बचत गटाच्या ताईंनी सुरुवातीच्या दहा मिनिटांत सांगितले आणि त्यावर भाषण न लांबवता कामाला सुरुवात केली, हे मला आवडले.

मात्र हातोडी हातात देण्यापूर्वी त्यांनी जो विषय घेतला, त्यासाठीच मी ही कार्यशाळा इतरांपेक्षा वरची मानते. डब्याला वर केशरी, मध्ये पांढरा आणि खाली हिरवा असे तीन पट्टे मारायचे, मधोमध निळे चक्र काढायचे आणि त्यात पेन किंवा तुळस ठेवायची, ही कल्पना बहुतेकांच्या मनात येते. आमच्यापैकी निम्म्या जणी तसाच नमुना मोबाइलमध्ये घेऊन आल्या होत्या. ताईंनी तो करू दिला नाही. राष्ट्रीय सन्मानाचा अवमान रोखण्यासाठी १९७१ साली झालेल्या कायद्यात राष्ट्रध्वजाची व्याख्या केवळ कापडी झेंड्यापुरती नाही. ध्वजाचे चित्र, रंगवलेली प्रतिमा, कोणत्याही पदार्थावर केलेली त्याची दृश्य आकृती, इतकेच काय, त्याच्या एखाद्या भागाची आकृतीसुद्धा त्या व्याख्येत येते. काहीही ठेवण्याचे, देण्याघेण्याचे किंवा वाहून नेण्याचे साधन म्हणून ध्वज वापरणे हा त्याच कायद्याने अवमान ठरतो. ध्वज फडकवण्यापूर्वी त्यात फुलांच्या पाकळ्या ठेवतात, तेवढाच अपवाद. शिक्षा तीन वर्षांपर्यंतचा कारावास किंवा दंड किंवा दोन्ही. भारतीय ध्वजसंहिता २६ जानेवारी २००२ पासून लागू आहे आणि तोरण, पताका किंवा अन्य कोणत्याही प्रकारे सजावटीसाठी ध्वज वापरू नये, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. २०२१ आणि २०२२ मधल्या दुरुस्त्यांनी पॉलिस्टरचा, यंत्रावर विणलेला झेंडा चालू लागला आणि नागरिकांना आपल्या घरावर रात्रीही झेंडा फडकत ठेवण्याची मुभा मिळाली, पण सजावटीचा नियम होता तसाच आहे.

हे ऐकल्यावर खोलीत थोडी चुळबुळ झाली. एका बाईंनी विचारले, “मग ताई, तिरंगी काही करायचंच नाही का?” त्यावर गटाने काढलेला मार्ग मला अतिशय समंजस वाटतो. एका डब्याला एकच रंग. केशरी डबा वेगळा, पांढरा वेगळा, हिरवा वेगळा. तिन्ही एकाच डब्यावर पट्ट्यांच्या रूपात यायचे नाहीत, चक्र कुठेही काढायचे नाही आणि डबे मांडताना एकावर एक रचून झेंड्याचा आभास निर्माण करायचा नाही. कठड्यावर किंवा जिन्याच्या पायऱ्यांवर ते आलटूनपालटून ठेवायचे, केशरी डब्यात झेंडू, पांढऱ्यात शेवंती, हिरव्यात नुसता पाला किंवा मनीप्लँट. सण कोणता आहे, हे पाहणाऱ्याला क्षणात कळते आणि ध्वज मात्र त्याच्या काठीवर, त्याच्या मानाच्या जागी, एकटाच राहतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस किंवा महापालिकेची इमारत १४ तारखेच्या रात्री ज्या प्रकारे तीन रंगांच्या प्रकाशात उजळते, त्याच जातीची ही सजावट आहे, असे ताई म्हणाल्या आणि मला ते पटले. देशाविषयीचे प्रेम दाखवताना ज्याचा मान राखायचा त्याच गोष्टीचा अवमान होऊ नये, एवढी काळजी घेणारी कार्यशाळा मी यापूर्वी पाहिली नव्हती. शाळांमधल्या हस्तकलेच्या तासालाही हे सांगितले जावे, असे मला मनापासून वाटते.

पत्र्याचे काम शिकवायला गटाने ज्या काकांना बोलावले होते, त्यांचे आयुष्य लोखंडी ट्रंका, नरसाळी आणि रॉकेलच्या स्टोव्हच्या टाक्या करण्यात गेलेले. कार्यशाळेचा खरा गाभा तेच होते. सुरुवातीला त्यांनी टेबलावरच्या सगळ्या डब्यांवरून एक लोहचुंबक फिरवले. चिकटला तो पोलादी पत्रा, न चिकटला तो ॲल्युमिनियम. शीतपेयांचे कॅन बाजूला गेले. ॲल्युमिनियमचा पत्रा इतका पातळ असतो की खिळ्याने तो चुरगळतो आणि फाटलेली कड पात्यासारखी कापते. मग त्यांनी उरलेले डबे पुन्हा दोन गटांत विभागले. ज्यांच्या अंगावर आडव्या वळ्या असतात (आमरसाच्या ८५० ग्रॅमच्या डब्यांना त्या बहुधा असतातच), ते कुंड्यांसाठी; आणि कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यासारखे अंगाने गुळगुळीत असतात, ते कंदिलांसाठी. वळीवर खिळा घसरतो आणि नक्षीची रेघ मोडते, हे त्यामागचे साधे कारण. पण आधी कुणी सांगितले नाही, तर डबा वाया गेल्यावरच ते कळते.

डब्याची कापलेली कड हा या कामातला सगळ्यात धोक्याचा भाग आहे. काकांनी त्यावर जवळजवळ अर्धा तास खर्च केला आणि तो अजिबात जास्त नव्हता. डबा उघडायच्या साध्या चावीने कापलेल्या झाकणाच्या कडेला आतल्या बाजूने बारीक दाते राहतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, बोट फिरवून पाहायचे तर बोट कापते. त्यासाठी काकांनी कापसाचा बोळा आतून कडेने फिरवायला सांगितला. जिथे कापूस अडकतो, तिथे दाता आहे. ती जागा आधी सपाट तोंडाच्या पकडीने दाबून आत दुमडायची, मग बारीक कानस एकाच दिशेने, आतून बाहेर अशी चालवायची आणि शेवटी पॉलिश पेपर मारायचा. कापूस कुठेही न अडकता पूर्ण फेरा झाला की डबा मुलांच्या हाती द्यायला हरकत नाही. हातमोजे प्रत्येकीला दिले होते आणि ते रबर लावलेले जाड सुती होते, स्वयंपाकघरातले पातळ नव्हेत. प्रथमोपचाराची पेटी टेबलावर उघडी ठेवली होती. धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन किती वर्षे झाली, हे प्रत्येकीला विचारले गेले, ही गोष्टही मी आवर्जून नोंदवते.

भोके पाडण्याच्या कामात बर्फाचा उपयोग होतो. रिकाम्या डब्यावर खिळा ठोकला की पत्रा आत बसतो आणि पोचा पडतो. म्हणून डब्यात पाणी भरून ते आदल्या रात्री फ्रीजरमध्ये गोठवायचे. आतून बर्फाचा टेकू मिळाला की खिळा तेवढ्याच जागेतून आरपार जातो आणि आजूबाजूचा पत्रा हलत नाही. पाणी काठोकाठ भरायचे नाही, कारण गोठताना ते सुमारे ९ टक्क्यांनी फुगते आणि डब्याचा तळ बाहेर येऊन डबा डुगडुगू लागतो. वरून दोन बोटे जागा सोडली की पुरते. नक्षी आधी कागदावर ठिपक्यांनी काढायची, तो कागद डब्याभोवती चिकटपट्टीने घट्ट बसवायचा, घडी केलेल्या जाड टॉवेलच्या खोबणीत डबा आडवा ठेवायचा आणि मग ठोकायला सुरुवात करायची. “खिळा उभा धरा ताई, तिरका धरलात की भोक लांबतं,” असे काका प्रत्येकीच्या मागे उभे राहून सांगत होते. दोन भोकांत निदान अर्धा सेंटीमीटर अंतर हवे, नाहीतर मधली पट्टी तुटून दोन्ही भोके एक होतात. दोन जाडीचे खिळे दिले होते, बारीक खिळ्याने बाह्यरेषा आणि जाड खिळ्याने मधले ठळक ठिपके. या फरकामुळे आत दिवा लावल्यावर नक्षीला उठाव येतो, तो एकाच खिळ्याने येत नाही.

नक्षीसाठी गटाने तयार ठेवलेले कागद हा माझ्या मते या कार्यशाळेचा सर्वांत सुंदर भाग होता. कमळ, मोर आणि चरखा होतेच. त्यांखेरीज पाच डब्यांचा एक संच होता आणि त्याच्या प्रत्येक डब्यावर एकेक साल ठिपक्यांनी काढायचे होते : १८८५, १९३०, १९४२, १९४६, १९४७. शेवटचे साल सोडले तर बाकीची चारही या शहराशी बांधलेली आहेत. डिसेंबर १८८५ मध्ये काँग्रेसचे पहिले अधिवेशन गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात विलेपार्ल्याला छावणी पडली आणि वडाळ्याच्या मिठागरांवर माणसांच्या झुंडीच्या झुंडी चालून गेल्या. ८ ऑगस्ट १९४२ रोजी ‘छोडो भारत’चा ठराव ज्या गोवालिया टँक मैदानावर झाला, त्याला आज आपण ऑगस्ट क्रांती मैदान म्हणतो. आणि १८ फेब्रुवारी १९४६ रोजी नौदलाच्या ‘तलवार’ या किनाऱ्यावरील तळावर खलाशांनी काम थांबवले. पुढच्या चार दिवसांत तो उठाव बंदरातल्या जहाजांवर पसरला, २२ तारखेला गिरणी कामगार त्यांच्या पाठीशी संपावर गेले आणि रस्त्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. गिरणगावातल्या एका सभागृहात बसून, गिरणी कामगारांच्या लेकीसुनांच्या शेजारी, १९४६ हा आकडा खिळ्याने एकेक ठिपका ठोकत काढणे हा अनुभव मला फार मोलाचा वाटला. माझ्या शेजारच्या आजी १९४६ चाच डबा हवा म्हणून अडून बसल्या होत्या. त्यांचे वडील त्या संपात होते.

एक तांत्रिक सूचना येथेच करते. देवनागरी आकड्यांत ८, ९ आणि ४ यांची वळणे ठिपक्यांत नीट येण्यासाठी आकडा निदान पाच सेंटीमीटर उंच हवा. गटाच्या कागदांवर तो त्याहून लहान होता, त्यामुळे ४ च्या गाठीत भोके फार जवळ आली आणि काही जणींचा पत्रा तिथे फाटला. कागद थोडा मोठा करून छापला, तर ही अडचण उरणार नाही.

रंगाच्या भागाकडे येते. मुंबईच्या पावसाळ्यात टिनवर रंग टिकवायचा, तर पत्रा कशाचा आहे, हे समजून घ्यावे लागते आणि गटाने ते समजावून सांगितले. डब्याचा पत्रा पोलादाचा, जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि त्यावर कथिलाचा अत्यंत पातळ मुलामा. पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात, तेच हे कथिल. मुलामा अखंड आहे तोवर पत्रा सुरक्षित असतो. पण भोक पाडले, कड घासली किंवा ओरखडा उठला की आतले लोखंड उघडे पडते आणि तिथे दमट हवा लागली की गंज झपाट्याने चढतो. लोखंडी बादलीवर जस्ताचा मुलामा असतो, ते जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. कथिल तसे करत नाही, उलट उघड्या पडलेल्या जागी लोखंडच आधी झिजते. म्हणजे आपण जितकी नक्षी काढू, तितकी गंजाला दारे उघडतो. त्यावर उपाय असा की भोके पाडून झाल्यावर बर्फ वितळू द्यायचा, डबा उन्हात किंवा हेअर ड्रायरने आतून-बाहेरून पूर्ण कोरडा करायचा आणि मग प्रत्येक भोकाच्या कडेपर्यंत पोहोचेल असा प्रायमरचा पातळ हात द्यायचा. त्यापूर्वी लेबलचा डिंक गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने काढून, उरलासुरला तेलकटपणा व्हिनेगरने पुसून, पॉलिश पेपरने पत्र्याची चकाकी मारून घ्यावी लागते; गुळगुळीत पत्र्यावर रंग नुसता बसतो, धरत नाही.

गटाने प्रायमर दिला, तोही चांगला होता. वरचा रंग मात्र ॲक्रिलिकचा होता आणि येथे माझे मत थोडे वेगळे आहे. ॲक्रिलिक लवकर वाळतो, त्याला वास नसतो, चार तासांच्या वर्गात काम उरकायचे तर दुसरा पर्याय नाही, हे मान्य. पण जो डबा पावसात कठड्यावर राहणार, त्याला घरी आल्यावर वरून पारदर्शक वॉर्निशचा हात द्यावा किंवा मुळातच ऑइल पेंट वापरावा. ऑइल पेंट ऑगस्टच्या हवेत वाळायला दोन दिवससुद्धा घेतो, म्हणून तो घरीच करण्याचे काम आहे. ही सूचना संचाबरोबरच्या कागदावर छापलेली नव्हती आणि ती असायला हवी होती.

आता आक्षेपाचा मुद्दा. घरी नेण्याच्या संचात कंदिलात ठेवायला बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या पणत्या दिल्या होत्या. त्यांत बटणासारखी चपटी बॅटरी असते आणि तिच्या खोबणीचे झाकण नखाने सहज निघते. त्याला स्क्रू नव्हता. अशी बॅटरी लहान मुलाने गिळली, तर ती अन्ननलिकेत अडकून दोन तासांच्या आत गंभीर जखम करू शकते. ज्या कार्यशाळेने डब्याची कड कापसाने तपासायला शिकवले, तिनेच मुलांच्या हाती जाणारी अशी वस्तू संचात घालावी, हे मला अत्यंत खटकले. मी तेथेच हे बोलून दाखवले, घरी आल्यावर त्या पणत्या वेगळ्या काढून कपाटात वर ठेवल्या आणि लोहार चाळीतून स्क्रूचे झाकण असलेल्या, पेन्सिल सेलवर चालणाऱ्या दिव्यांच्या माळा आणल्या. त्यांच्या किमतीत विशेष फरक नाही. गटाने पुढच्या वेळी हा बदल केला नाही, तर लहान मुले असलेल्या घरांनी संच घेऊच नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. भोकाभोकांच्या डब्यात तेलाची खरी पणतीही ठेवता येते, पण मग डबा जमिनीवर, कागद-कापडापासून दूर ठेवावा लागतो आणि वरचा पत्रा हात भाजण्याइतका तापतो. टांगलेल्या कंदिलात ती कधीही नको.

संचातली टांगायची तारही जरा पातळ होती. कोरड्या डब्याला ती चालते, पण माती आणि झाड यांचे वजन तिने पेलले नाही आणि कुंड्यांसाठी मला जाड तार आणून कड्या बदलाव्या लागल्या. कुंड्यांच्या तळाला निचऱ्याची भोके पाडायला शिकवले, ते उत्तम. तळाखाली ताटली ठेवल्यास त्यात पाणी साचून पाऊसकाळात डास होतात, म्हणून ताटली रोज रिकामी करा, हेही सांगितले.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात. वीस जणींसाठी बर्फाचे डबे एकाच थंड पेटीत होते आणि ज्यांची पाळी उशिरा आली, त्यांच्या डब्यांतला बर्फ अर्धा वितळला होता. काकांनी त्यांना ओली वाळू ठासून भरलेले डबे दिले. त्याने काम होते, पण बर्फाइतकी स्वच्छ भोके पडत नाहीत. दोन पेट्या ठेवणे किंवा दहा-दहा जणींचे दोन वर्ग घेणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे. वीस जण एकदम पत्र्यावर ठोकू लागले की कान किती दणाणतात, याची कल्पना बाहेरून येत नाही. कापसाचे बोळे दिले होते, तरी ज्यांना आवाजाचा त्रास आहे त्यांनी खिडकीजवळची जागा धरावी. चहा आणि गरम कांदाभजी वेळेवर आली. परळ स्टेशनपासून सभागृह चालत दहा मिनिटांवर आहे. ओल्या रंगाचे डबे लोकलमधून न्यायचे असतील, तर खोका घरूनच न्यावा, कारण तिथे मिळणारी कागदी पिशवी त्या दिवशीच्या पावसात टिकली नाही.

आमच्या सोसायटीत पुढे काय झाले, तेही सांगते, कारण कार्यशाळेची खरी परीक्षा तीच. प्रत्येक घराने एकेक डबा द्यायचा, असा निरोप मी मजल्यामजल्यांवर दिला आणि इतके डबे आले की वॉचमनच्या केबिनपाशी त्यांचा ढीग झाला. कड घासण्याचे काम फक्त मोठ्या माणसांनी केले, रंगवण्याचे मुलांनी. गेटपासून ध्वजस्तंभापर्यंतच्या वाटेच्या दोन्ही कडांना एकरंगी कुंड्या आलटूनपालटून लावल्या, पाच सालांचे कंदील जिन्याच्या कठड्यावर ठेवले आणि १४ तारखेच्या संध्याकाळी दिवे लावल्यावर मुले प्रत्येक आकड्यापाशी थांबून त्या साली काय झाले, ते एकमेकांना विचारू लागली. ज्यांनी आपल्या डब्याला वॉर्निश दिले होते, त्यांचे डबे गणपतीपर्यंतही स्वच्छ राहिले. नुसत्या ॲक्रिलिकवर सोडलेल्या डब्यांच्या भोकांभोवती तपकिरी कडी दिसू लागली होती. ते उतरवून, घासून, पुन्हा प्रायमर देऊन ठेवले आहेत.

शुल्काचा विचार केला, तर ६०० रुपयांत मिळणारे शिक्षण त्या किमतीहून अधिक आहे, संचाचे मोल मात्र तेवढे नाही. गटाने संचाशिवाय केवळ वर्गाचे वेगळे शुल्क ठेवले, तर बहुतेक जण तेच निवडतील, असा माझा अंदाज आहे आणि ही सूचनाही मी त्यांना केली आहे. बारा वर्षांखालच्या मुलांना पत्र्याच्या कामाला बसू देत नाहीत, रंगवण्याला देतात. हा नियम योग्य आहे आणि पालकांनी त्यावर हुज्जत घालू नये. ज्यांना तयार तिरंगी डबा विकत घेऊन मोकळे व्हायचे आहे, त्यांच्यासाठी ही जागा नाही.

पुढचा वर्ग २६ जानेवारीच्या आधी आहे. नावनोंदणी डिसेंबरअखेर सुरू होते आणि जागा लवकर भरतात. त्या दिवसांत हवा कोरडी असल्याने ऑइल पेंट चांगला वाळतो, त्यामुळे ज्यांना मोकळ्या जागेत कायम राहतील असे कंदील करायचे आहेत, त्यांनी जानेवारीचाच वर्ग निवडावा, अंगाने गुळगुळीत असलेले डबे आतापासून धुऊन बाजूला ठेवावेत आणि पैसे भरण्यापूर्वी संचातल्या पणत्यांना स्क्रूचे झाकण आले आहे का, हे विचारून घ्यावे.